आक्कांची वही आणि पाच दिवसांची गोळी



आक्कांच्या नावाने चालणाऱ्या या व्याख्यानमालेत आजवर संतसाहित्यावर बोललं गेलं, सहकारावर बोललं गेलं, एका वर्षी उसाच्या खोडव्यावरही बोललं गेलं. मूल व्हावं म्हणून देतात त्या गोळीचा आणि इंजेक्शनांचा विषय मी सांगितला तेव्हा कार्यवाह फोनवर थोडा वेळ गप्पच झाले. मग म्हणाले, "मॅडम, पुढच्या रांगेत कॉलेजची मुलं-मुली असतात." म्हटलं, बसू द्यात. त्यांच्यातल्या काही जणींच्या हातात लग्नानंतर वर्षभरात ही गोळी पडणार आहे. ती कशाची, हे तेव्हा कुणी सांगेलच याची मला खात्री नाही.

ज्यांनी आक्कांना पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगते. सरकारी दवाखान्यातून नर्स म्हणून त्या निवृत्त झाल्या आणि पुढची बावीस वर्षं माझ्या बारा खाटांच्या दवाखान्यात होत्या. त्यांच्याजवळ एक शंभर पानी वही असायची. मूल होत नाही म्हणून येणाऱ्या प्रत्येक बाईला तिच्यात एक पान. पाळीची तारीख, गोळी कधी सुरू केली, कितवा महिना, वजन, आणि शेवटच्या रकान्यात बाई जे बोलेल ते तिच्याच शब्दांत. मी केसपेपरवर इंग्रजीत दोन ओळी खरडायचे. आक्का मराठीत सगळं लिहायच्या.

या वहीतली सर्वांत जास्त वेळा आलेली गोळी म्हणजे क्लोमिफिन. 1956 साली अमेरिकेत सिनसिनाटीच्या एका औषध कंपनीत ती पहिल्यांदा तयार झाली. 1961 मध्ये तिच्यामुळे बायकांचं बीज सुटतं असा पहिला अहवाल आला आणि 1967 मध्ये तिकडच्या सरकारने तिला परवानगी दिली. म्हणजे गोळी माझ्या धाकट्या बहिणीएवढी जुनी आहे. आकाराने बटणाएवढी, किमतीला स्वस्त, आणि पाळीच्या दुसऱ्या ते पाचव्या दिवसांपैकी एखाद्या दिवशी सुरू करून रोज एक अशी पाच दिवस घ्यायची. बस्स. एवढ्या साध्या गोष्टीला कुणी औषध मानतच नाही. "ती पाच दिवसांची गोळी" असं म्हणतात, जसं काही एखादं व्रत आहे.

ती करते काय, हे समजलं की तिचे त्रास आपोआप समजतात. अंडाशयात बीज वाढायला लागलं की इस्ट्रोजेन नावाचं हार्मोन वाढतं आणि मेंदूला निरोप जातो, काम चालू आहे, आता जोर कमी करा. क्लोमिफिन मेंदूत त्या निरोपाची वाट अडवून बसतं. मेंदूला वाटतं इस्ट्रोजेन नाहीच. मग तो एफएसएच हे हार्मोन जास्त सोडतो आणि अंडाशयाला टोचणी लागते. थोडक्यात ही मेंदूला फसवणारी गोळी आहे. पण फसलेला मेंदू फक्त अंडाशयापुरता फसत नाही. पाळी जाण्याच्या वयात बायकांना जशा गरम वाफा येतात तशा पंचविशीतल्या पोरीला येऊ लागतात. चिडचिड होते, रडू येतं. आक्कांच्या वहीत एका पानावर लिहिलंय, "भाजी करपली म्हणून तासभर रडले." नवऱ्याने कपाळाला आठ्या घातल्या होत्या, त्यालाही काही सांगितलेलं नव्हतं. मीच सांगितलेलं नव्हतं.

आणखी एक गंमत आहे, गंमत म्हणायची ती आम्हा डॉक्टरांनी. ही गोळी जो निरोप मेंदूत अडवते तोच गर्भाशयाच्या अस्तरातही अडवते. त्यामुळे काहींचं अस्तर पातळ राहतं. बीज सुटतं, पण त्याला रुजायला गादी नाही. म्हणून शंभरातल्या सत्तर-ऐंशी जणींचं बीज सुटतं आणि दिवस मात्र त्याहून बऱ्याच कमी जणींना जातात. बाई विचारते, "मॅडम, अंडं फुटलं ना? मग?" या "मग" ला उत्तर देताना सोनोग्राफीच्या पडद्याकडे बघत बसायची सवय मला लागली होती.

डोळ्यांचं मात्र नीट सांगायला हवं, कारण तिथे चूक चालत नाही. आमच्याकडे ब्लाउज शिवणारी एक बाई यायची. तिसऱ्या महिन्यात गोळी वाढवली होती, रोज एकाऐवजी दोन. चौथ्या दिवशी ती आली ती माझ्याकडे नाहीच, आक्कांकडे. म्हणाली, "सुई पुढं गेली तरी मागं तिची रेघ दिसत राहती. रात्री रस्त्यावरून मोटार गेली की तिचे दिवे डोळ्यांपुढं तसेच टांगलेले." आक्कांनी तिला ओट्यावर बसवलं, तिच्या तोंडापुढून हात हळू नेला आणि विचारलं, "किती हात दिसले?" ती म्हणाली, "मोजता येत न्हाईत, पिसाऱ्यावानी." मी तेव्हा चष्म्याचा नंबर तपासायला पाठवणार होते! आक्कांनी पुस्तक आणून माझ्यापुढे उघडं ठेवलं. क्लोमिफिन घेणाऱ्या शंभरात एक-दोघींना धूसर दिसणं, चमक दिसणं, हललेल्या वस्तूची सावली मागे रेंगाळणं असं होतं. बहुतेकींचं गोळी थांबवल्यावर जातं. पण थांबवायची म्हणजे थांबवायचीच, आणि त्या बाईला ती पुन्हा द्यायची नाही. जी बाई रात्री स्कूटी चालवते, मशीनवर काम करते, तिला हे गोळी देतानाच सांगायचं असतं. सुईची रेघ दिसायची वाट बघायची नसते.

आता महिने. साधारण सहा महिन्यांपुढे ही गोळी देऊ नये असा संकेत आहे. का? एक तर ज्यांना दिवस जायचे त्यांना बहुधा तेवढ्यात जातात. दुसरं म्हणजे एक भीती आहे. 1990 नंतरच्या दशकात अमेरिकेतल्या काही अभ्यासांनी म्हटलं की बीज सोडणारी औषधं फार काळ घेतलेल्या बायकांत अंडाशयाच्या गाठी जास्त दिसतात, विशेषतः क्लोमिफिनची बारा किंवा जास्त आवर्तनं झालेल्यांत. ही बातमी आपल्याकडच्या दवाखान्यांत कॅन्सर या एकाच शब्दात पोचली. पुढे 2009 मध्ये डेन्मार्कमधल्या चोपन्न हजारांहून अधिक बायकांच्या नोंदी तपासल्या गेल्या, तेव्हा औषधांचा आणि अंडाशयाच्या कॅन्सरचा पटण्यासारखा संबंध सापडला नाही. मूल न होणं हीच गोष्ट त्या कॅन्सरचा धोका थोडा वाढवते, त्यामुळे दोष गोळीचा की ज्या कारणाने गोळी दिली त्याचा हे वेगळं काढणं कठीणच. तेव्हा तीन-चार महिने गोळी घेतलेल्या बाईने रात्र रात्र जागून काढायचं कारण नाही. पण दोन-दोन वर्षं घ्यायचंही काहीच कारण नाही.

आणि लोक दोन-दोन वर्षं घेतात. माझ्याकडे एक जोडपं आलं, बाईच्या पिशवीत वेगवेगळ्या ठिकाणच्या सतरा चिठ्ठ्या. सतराही चिठ्ठ्यांवर तीच गोळी. मी नवऱ्याचा वीर्यतपासणीचा रिपोर्ट मागितला. सासूबाई म्हणाल्या, "त्याला काय झालंय? चांगला धडधाकट आहे." तपासलं तर शुक्रजंतू शून्य. त्या मुलीने सतरा महिने गरम वाफा सोसल्या, रडली, नवस केले, मार्गशीर्षातले गुरुवार धरले, आणि त्या सगळ्या काळात दिवस जाण्याची शक्यता शून्य होती. औषधाच्या दुष्परिणामांच्या कुठल्याही यादीत हा त्रास लिहिलेला नसतो. मी तो पहिल्या नंबरावर लिहीन.

मग दुसरी गोळी आली, लेट्रोझोल. मूळची ती पाळी गेलेल्या बायकांच्या स्तनाच्या कॅन्सरवरची. कॅनडातल्या डॉक्टरांनी 2001 च्या सुमाराला ती बीजासाठी वापरून दाखवली. ही मेंदूला फसवत नाही. इस्ट्रोजेन तयार होणंच काही दिवस थोपवते आणि दोन-चार दिवसांत शरीरातून बरीचशी निघून जाते. क्लोमिफिनचा एक भाग आठवडे-आठवडे रेंगाळतो. म्हणून लेट्रोझोलवर अस्तर चांगलं राहतं, वाफाही कमी. थकवा आणि चक्कर मात्र हिच्यामुळे जास्त.

हिची आपल्या देशातली कहाणी मोठी चमत्कारिक आहे. 2005 मध्ये मॉन्ट्रियलच्या एका परिषदेत छोटा निबंध वाचला गेला, त्यात या गोळीनंतर जन्मलेल्या बाळांत व्यंगांची शंका घेतली होती. पुढच्याच वर्षी 911 बाळांची तपासणी छापून आली. तिच्यात लेट्रोझोलच्या बाळांत व्यंगाचं प्रमाण 2.4 टक्के आणि क्लोमिफिनच्या बाळांत 4.8 टक्के निघालं, म्हणजे शंका जवळजवळ उलटीच पडली. तरी 2011 च्या ऑक्टोबरात आपल्या केंद्र सरकारने वंध्यत्वासाठी लेट्रोझोल वापरायला बंदी घातली. सरकारला सरसकट नावं ठेवायला मी तयार नाही. या कामासाठी परवानगी मुळात ज्या रीतीने दिली गेली तिच्यावर संसदेच्या स्थायी समितीने 2012 च्या अहवालात बोट ठेवलं आहे, आणि ते योग्यच होतं. पण बंदी चालू असतानाच 2014 मध्ये अमेरिकेतला मोठा अभ्यास आला. पीसीओएस, ज्याला आपण पीसीओडी म्हणतो, तो असलेल्या 750 बायका होत्या, लेट्रोझोलवर शंभरातल्या सत्तावीस-अठ्ठावीस जणींना जिवंत मूल झालं, क्लोमिफिनवर एकोणीस जणींना. जगात जी गोळी पहिली ठरत होती तिच्यावर आपल्याकडे या कामासाठी बंदी होती. नंतर बंदी उठली. मधल्या वर्षांत ज्या बायकांचं वय तिशी ओलांडून गेलं त्यांची नोंद फक्त वह्यांत आहे.

इथवरचं गोळ्यांचं झालं. इंजेक्शनांची गोष्ट वेगळी, तिथे आवाज खाली येतो.

गोळी मेंदूकडून काम करून घेते. इंजेक्शन मेंदूला वगळून थेट अंडाशयाला चाबूक मारतं. या इंजेक्शनांचा इतिहास कादंबरीसारखा आहे. 1958 मध्ये स्वीडनच्या कार्ल गेमझेल यांनी मृत माणसांच्या मेंदूतल्या पीयूषिका ग्रंथीतून एफएसएच हेच हार्मोन काढून वापरलं. दुसरीकडे इटलीत पिएरो दोनिनी यांनी पाळी गेलेल्या बायकांच्या लघवीतून ते वेगळं काढलं होतं, कारण त्या वयात शरीर ते भरभरून सोडतं. लघवी मिळवायची कुठून? मठांतल्या वृद्ध जोगिणींकडून. ब्रह्मचर्याचं व्रत घेतलेल्या त्या बायकांच्या लघवीतून तयार झालेल्या औषधावर पहिलं मूल 1962 मध्ये इस्राएलमध्ये जन्मलं. आक्कांना मी हे सांगितलं तेव्हा त्या पदर तोंडाला लावून हसल्या होत्या.

ग्रंथींच्या वाटेचा शेवट मात्र भयंकर झाला. ऑस्ट्रेलियात 1967 पासून 1985 पर्यंत सरकारी कार्यक्रमात मृतांच्या ग्रंथींमधलं हार्मोन दिलं जात होतं. मूल व्हावं म्हणून ते घेतलेल्या चार बायका पुढे बऱ्याच वर्षांनी क्रॉइट्सफेल्ड-याकोब या मेंदू पोखरणाऱ्या आजाराने गेल्या. कुणा एका ग्रंथीतून तो त्यांच्यात आला होता. आज ते औषध कुठेच मिळत नाही, आजची इंजेक्शनं शुद्ध केलेली किंवा प्रयोगशाळेत बनवलेली असतात, त्यामुळे त्या रोगाची भीती बाळगू नका. पण मूल मागायला आलेल्या बाईने सुईतून काय घेतलं हे तिला वीस वर्षांनी कळावं, ही गोष्ट मला विसरता येत नाही.

आणि आता माझी स्वतःची गोष्ट. ती सांगायला मी आज आले आहे.

1998 चा उन्हाळा. आपल्या भागात दर चार-पाच घरांत एक फौजी, हे तुम्हाला माहीत आहे. चोवीस वर्षांची एक मुलगी, बारीक अंगाची, पीसीओडीमुळे पाळी तीन-तीन महिन्यांनी. नवरा जम्मूकडे. महिन्याच्या सुट्टीवर आलेला. ज्यांचे नवरे गावात आहेत त्यांना कळणार नाही, पण फौजीच्या बायकोचं बीज सुट्टीच्या तारखांत बसवावं लागतं. गोळीने जमेना म्हणून मी इंजेक्शनं सुरू केली. नवव्या दिवशी सोनोग्राफीत दोन्ही अंडाशयांत मिळून अकरा फॉलिकल, म्हणजे बीज वाढणाऱ्या पिशव्या. एक किंवा दोन हवेत. तीनच्या वर गेले की त्या महिन्याचं काम तिथेच सोडायचं, बीज फोडायचं इंजेक्शन द्यायचं नाही, नवरा-बायकोला वेगळं झोपायला सांगायचं. हे मला पाठ होतं. नवऱ्याची सुट्टी चार दिवसांनी संपत होती. तो दाराशी उभा होता, टोपी हातात घेऊन. म्हणाला, "मॅडम, परत वरीसभर नाही."

मी इंजेक्शन दिलं.

पाचव्या दिवशी घरून फोन आला, पोट फुगलंय. मी म्हटलं, गॅस असेल, लिंबूसरबत द्या. आक्का शेजारी उभ्या होत्या. त्यांनी फोन ठेवायच्या आत विचारलं, "लघवी किती झाली विचारा." ते विचारायचं सोडून मी पुढचा पेशंट बोलावला. संध्याकाळी आक्का वजनकाटा काखोटीला मारून एसटीने तिच्या गावी गेल्या. तिथे सासू खुशीत होती. सुनेच्या परकराची नाडी पुरेना, म्हणजे दिवस गेलेच, असा तिचा हिशोब. आक्कांनी काट्यावर उभं केलं. उपचार सुरू करताना चव्वेचाळीस किलो होती, आता साडेसेहेचाळीस. दुसऱ्या दिवशी सकाळी अठ्ठेचाळीस. दिवसभरात लघवी अर्धा तांब्या.

हा गॅस नव्हता. फोडायच्या इंजेक्शनाने फुगलेल्या अंडाशयांतून असे पदार्थ सुटतात की रक्तवाहिन्यांच्या भिंती गळायला लागतात. रक्तातलं पाणी पोटात, कधी छातीत उतरतं. बाहेरून बाई सुजते आणि आतून वाळते. रक्त काकवीसारखं दाट होतं, त्याची गुठळी झाली तर ती पायात, फुप्फुसात, मेंदूत जाऊ शकते. टेस्ट ट्यूबच्या उपचारांत शंभरातल्या एक-दोघींना हा प्रकार तीव्र स्वरूपात होतो. नुसत्या गोळीवर तो क्वचितच इतका वाढतो. पीसीओडीवाल्या, तरुण, बारीक अंगाच्या मुलींना धोका सर्वांत जास्त. म्हणजे तंतोतंत तिला. जीप करून सांगलीला नेलं. पोटातलं पाणी काढलं, रक्त पातळ ठेवायची इंजेक्शनं दिली, सलाइन मोजून चढवलं.

एक गोष्ट त्या दिवसांत मी कुणाशी बोलले नाही. दिवस गेले असते तर हाच आजार आणखी वाढला असता, कारण गर्भ जे हार्मोन सोडतो ते या आगीत तेलच ओततं. चौदाव्या दिवशी तिला पाळी आली. ती भिंतीकडे तोंड करून रडत होती आणि मला हायसं वाटलं. मी बाहेर व्हरांड्यात जाऊन उभी राहिले, कारण ते हायसं वाटणं तोंडावर दिसलं असतं.

आज हे टाळायचे उपाय आहेत. टेस्ट ट्यूबमध्ये फोडायला वेगळं इंजेक्शन वापरतात, गर्भ गोठवून ठेवतात आणि अंडाशय शांत झाल्यावर पुढच्या महिन्यात सोडतात. पण गोठवायची सोय नसलेल्या गावात आजही एकच उपाय आहे, त्या महिन्याचं काम सोडून द्यायचं. हे सांगायला जेवढा वेळ लागतो तेवढा इंजेक्शन द्यायला लागत नाही.

जुळ्यांबद्दल थोडकंच. क्लोमिफिनवर शंभरातल्या सात-आठ गर्भधारणा जुळ्यांच्या. इंजेक्शनांवर त्याहून बऱ्याच जास्त. घरात पेढे दुप्पट वाटले जातात. आठव्या महिन्यात दीड-दीड किलोची दोन बाळं काचेच्या पेटीत असताना पेढे वाटणारं कुणी दिसत नाही. 1997 मध्ये अमेरिकेतल्या आयोवात अशाच इंजेक्शनानंतर एका बाईला सात मुलं झाली आणि सातही जगली, तेव्हा जगभर कौतुक झालं. मला तो फोटो बघून धडकी भरली होती.

जी बाई मूल मागायला आलेलीच नाही, तिच्याबद्दल बोलून संपवते. दुसऱ्या कुणासाठी बीज देणारी बाई हीच इंजेक्शनं घेते, तोच धोका पत्करते, आणि तिला मिळायचे थोडे पैसे. 2021 च्या कायद्याने आता बीज देणारीचं वय 23 ते 35 असंच हवं, आयुष्यात एकदाच द्यायचं, सातपेक्षा जास्त बीजं काढायची नाहीत, आणि तिचा बारा महिन्यांचा विमा उतरवायचा, असं बांधून दिलं आहे. सात हा आकडा वाचला तेव्हा मला माझे अकरा आठवले.

आक्का गेल्यावर त्यांच्या मुलाने वह्या माझ्याकडे आणून दिल्या. 1998 च्या वहीत त्या मुलीचं पान आहे. वजनाच्या रकान्यात 44, 46½, 48, मग सांगलीचे आठ-दहा दिवस, आणि शेवटी पुन्हा 44. फॉलिकलच्या रकान्यात आक्कांनी 11 लिहून त्याच्याभोवती लाल शाईने गोल केला आहे. गोलाची तारीख इंजेक्शनाच्या दिवसाची आहे, आदल्या रात्रीची शाई नाही ती, आणि नंतरचीही नाही. म्हणजे मी सुई भरत होते तेव्हा त्या शेजारी बसून गोल काढत होत्या. शेवटच्या रकान्यात, बाईचे शब्द लिहायच्या जागी, लिहिलंय: "ती काही बोलली नाही. डॉक्टरांना विचारणार होते, विचारलं नाही."